जुन्या काँक्रीटवर रेझिन आणि खड्यांचा थर: कोल्हापुरात करताना काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळंब्याच्या बाजूला बंगला आहे. गेटपासून पोर्चपर्यंत सुमारे ५० फूट लांब आणि १२ फूट रुंद असा वीसेक वर्षांपूर्वीचा चार इंची काँक्रीटचा रस्ता आहे. त्याच्या पृष्ठभागाची पूड निघते, दोन आडव्या भेगा पडल्या आहेत, गाडी उभी राहते तेथे तेलाचे डाग आहेत आणि गेटजवळचा एक कोपरा बसला आहे. प्लॉटची माती काळी आहे. एका ठेकेदाराने असे सुचवले आहे की काँक्रीट न फोडता त्यावर रेझिन पसरून रंगीत खडे टाकू, दोन दिवसांत काम संपेल आणि पुढची वीस वर्षे पाहावे लागणार नाही. हे शक्य आहे का आणि टिकेल का, असे आपण विचारले आहे.

शक्य आहे. मात्र ते टिकेल की नाही, हे रेझिनपेक्षा खालच्या काँक्रीटवर आणि त्याखालच्या मातीवर अवलंबून आहे. रेझिन आणि खड्यांचा थर स्वतः कोणताही भार पेलत नाही. गाडीचा भार जुने काँक्रीटच पेलते आणि ते हलले, तडकले किंवा ओले राहिले, तर वरचा थर कितीही उत्तम मालाचा असला तरी त्याच जागी तडकतो किंवा सुटतो. त्यामुळे खड्यांचा रंग निवडण्याआधी जुन्या काँक्रीटची नीट तपासणी करावी आणि तिच्या निकालावर काम करायचे की नाही ते ठरवावे, असा माझा आग्रह आहे.

तपासणीला महागडी उपकरणे लागत नाहीत. प्रथम सगळा पृष्ठभाग झाडून, धुऊन वाळू द्यावा आणि मग साध्या हातोडीने दर फुटावर हलके ठोके देत जावे. भरीव काँक्रीट खणखणीत वाजते. जेथे आवाज बद्द आणि पोकळ येतो, तेथे वरची पोपडी सुटलेली असते किंवा खालची माती निघून गेलेली असते. आपल्याकडे काँक्रीटखाली पोकळी होण्याचे एक फार सामान्य कारण म्हणजे घुशींची बिळे. कंपाउंडच्या भिंतीलगत मातीचे ताजे ढीग दिसत असतील, तर तो भाग दुप्पट काळजीने ठोकून पाहावा. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे गच्चीच्या पावसाच्या पाइपचे पाणी वर्षानुवर्षे एकाच जागी पडत राहणे. आपला गेटजवळचा कोपरा का बसला, याचे उत्तर बहुधा या दोहोंपैकी एकात सापडेल. ते सापडल्याशिवाय तो कोपरा नुसता भरून समतल करणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच काम काढणे होय.

ठोकून झाल्यावर पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. चांगल्या, उघड्या छिद्रांच्या काँक्रीटमध्ये थेंब मिनिटाभरात मुरतो आणि डाग गडद होतो. थेंब मण्यासारखा उभा राहिला, तर तेथे तेल, जुना रंग किंवा कोणते तरी सीलर आहे असे समजावे, कारण अशा जागी रेझिनही धरणार नाही. त्यानंतर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जोर देऊन ओरखडा काढावा. पांढरी पूड सहज निघत गेली, तर वरचा कमकुवत सिमेंटचा थर पूर्णपणे घासून काढणे अनिवार्य आहे. मोठ्या कामांवर धातूची चकती चिकटवून ती ओढून काढण्याची चाचणी करतात आणि काँक्रीट किमान दीड न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण सोसते का ते पाहतात. घरगुती कामासाठी हातोडी आणि ओरखडा पुरेसे आहेत, बशर्ते पाहणाऱ्याने निकाल प्रामाणिकपणे स्वीकारला पाहिजे.

ओलाव्याची चाचणीही घरच्या घरी होते. सुमारे दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवावा आणि किमान १६ तास तसाच ठेवावा. काढताना आतून पाण्याचे थेंब जमलेले दिसले किंवा काँक्रीट काळपट झालेले दिसले, तर खालून ओल येत आहे. दोन-तीन ठिकाणी ही चाचणी घ्यावी आणि त्यांपैकी एक जागा बागेच्या कडेची असावी, कारण रोज झाडांना घातलेले पाणी तेथूनच काँक्रीटखाली शिरते.

आता भेगांविषयी, कारण काळ्या मातीच्या प्लॉटवर सर्वांत जास्त फसगत येथेच होते. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे तिच्यावरील काँक्रीटची भेग मे महिन्यात रुंद आणि ऑगस्टमध्ये अरुंद झालेली आढळू शकते. एका भेटीत पाहून ती ‘जुनी, स्थिर झालेली’ भेग आहे असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. भेगेच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये प्लग ठोकून एकेक स्टेनलेस स्टीलचा स्क्रू बसवावा आणि दोन्ही स्क्रूंच्या बाहेरील कडांमधील अंतर व्हर्निअरने मोजून तारखेसह लिहून ठेवावे. कोल्हापुरात व्हर्निअर मिळवणे अवघड नाही, उद्यमनगरातील कोणत्याही वर्कशॉपमध्ये तो असतो. मे महिन्याच्या अखेरीस, भर पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर अशी तीन मापे घ्यावीत आणि ती नेहमी सकाळी त्याच सुमारास घ्यावीत. वेळेचा आग्रह यासाठी की काँक्रीट उन्हाने लांबते. आपल्या ५० फुटांच्या लांबीत तापमानाचा १० अंशांचा फरक सुमारे दीड मिलिमीटरचा फरक घडवतो, आणि दुपारचे माप सकाळच्या मापाशी ताडून पाहिले तर मातीची हालचाल कोणती आणि उन्हाची कोणती हे कळतच नाही. त्याच वेळी भेगेची एक बाजू दुसरीपेक्षा उंच आहे का, हे भेगेवर आडवी पट्टी ठेवून पाहावे. नुसती रुंदी बदलणारी भेग सांभाळता येते, पण उंचीत फरक पडणारी भेग असेल तर तेवढा भाग फोडून, खाली मुरूम कुटून, नव्याने काँक्रीट करण्याला पर्याय नाही.

जी भेग तिन्ही मापांत जवळजवळ सारखीच राहते, ती कटरने इंग्रजी व्ही आकारात मोकळी करावी, व्हॅक्यूमने धूळ काढावी आणि एपॉक्सी व वाळूच्या मिश्रणाने भरून वर फायबर ग्लासच्या जाळीची पट्टी एपॉक्सीत बसवावी. जी भेग हलते, ती अशी घट्ट भरू नये. घट्ट भरलेली हलती भेग शेजारी नवी भेग पाडते. तिला सांधा मानावे, वरच्या थरातही बरोबर त्याच रेषेवर सांधा ठेवावा आणि तो लवचिक पॉलीयुरेथेन सीलंटने भरावा. चार इंची काँक्रीटमध्ये मुळात दर आठ ते दहा फुटांवर सांधे कापायला हवे होते. आपल्या काँक्रीटमध्ये ते कापलेले नसणार, म्हणून त्याने स्वतःच दोन सांधे पाडून घेतले. त्या दोन रेषा वरच्या नव्या थरावर दिसणार, हे आधीच मान्य करून त्यांना सरळ, आखीव रेषेचे रूप देता येते. शक्य असल्यास त्या ठिकाणी वेगळ्या रंगाच्या खड्यांचा पट्टा किंवा कडप्प्याची अरुंद पट्टी घालावी. भेग मुळीच दिसणार नाही, असे वचन देणाऱ्या ठेकेदाराला मी काम देणार नाही.

ठेकेदाराने सुचवलेली पद्धत कोणती आहे, तेही स्पष्ट करून घेतले पाहिजे. रेझिन आणि खड्यांचे काम दोन पद्धतींनी होते आणि दोहोंचे गुणधर्म पूर्णपणे वेगळे आहेत. पहिल्या पद्धतीत काँक्रीटवर रेझिनचा पातळ थर पसरून त्यावर कोरडे खडे भरपूर उधळतात आणि रेझिन सुकल्यावर न चिकटलेले खडे झाडून घेतात. हा थर साधारण एका खड्याइतकाच, म्हणजे तीनेक मिलिमीटर जाड असतो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पाणी त्यातून खाली जात नाही. चढावावर चाक घसरू नये म्हणून ही पद्धत चांगली आहे. तथापि खड्याचा केवळ तळ रेझिनमध्ये असल्याने सुरुवातीचे काही महिने खडे सुटत राहतात आणि चाक वळते त्या जागी ते अधिक सुटतात. दुसऱ्या पद्धतीत खडे आणि रेझिन मिक्सरमध्ये एकत्र कालवून, प्रत्येक खड्यावर रेझिनचे आवरण बसवून, ते मिश्रण थापीने घोटून पसरतात. गाडीच्या वापरासाठी हा थर सुमारे १८ मिलिमीटरचा ठेवावा. खड्यांमध्ये पोकळ्या राहतात, पाणी त्यातून झिरपते आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसूनही चालायला बरा असतो. आपल्या वर्णनावरून ठेकेदार पहिली पद्धत सांगत आहे, आणि आपण ज्या छायाचित्रांवर भाळला असाल ती बहुधा दुसऱ्या पद्धतीची असणार. दोहोंना लागणाऱ्या मालात मोठा फरक असल्यामुळे दरांची तुलना करण्यापूर्वी हा खुलासा लेखी घ्यावा.

यापुढे मी दुसऱ्या पद्धतीविषयीच लिहितो.

पाणी झिरपते हा या थराचा गुण म्हणून सांगितला जातो आणि थंड प्रदेशांतील मार्गदर्शनात असाही सल्ला आढळतो की जुन्या काँक्रीटला ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यात खडी भरावी, म्हणजे पाणी जमिनीत जाईल. काळ्या मातीच्या प्लॉटवर हे कदापि करू नये. जी माती पाण्याने फुगते, तिच्यापर्यंत पाणी पोहोचवण्याची अशी सोय करणे म्हणजे काँक्रीट उचलून तडकवण्याची व्यवस्था करणे आहे. खाली खोलवर मुरूम किंवा कातळ असेल आणि पाण्याला वाट असेल, तरच भोकांचा विचार करता येईल.

भोके न पाडल्यास पाणी कोठे जाते, हे नीट समजून घ्यावे. ते नव्या थरातून खाली उतरते, जुन्या काँक्रीटच्या माथ्यावर पोहोचते आणि त्या काँक्रीटच्या उताराने, थराच्या पोटातून वाहत सर्वांत खालच्या कडेला जाते. आपला उतार गेटकडे आहे असे गृहीत धरले, तर गेटपाशी पाण्याला बाहेर पडायला जागा हवी. बहुतेक घरी तेथे सरकत्या गेटची लोखंडी पट्टी किंवा सिमेंटचा उंबरा असतो, आणि नवा थर त्या उंबऱ्याला टेकवून बंद केला की पाणी थराच्या आत साठून राहते. मग तेथे शेवाळ येते, रेझिन पांढुरके पडते आणि पकड सुटू लागते. यासाठी गेटच्या आतल्या बाजूला पूर्ण १२ फूट रुंदीची जाळीची नाली करावी. तिची थराकडची कड जुन्या काँक्रीटच्या पातळीला असावी, नव्या थराच्या पातळीला नव्हे. वरचा थर अडवण्यासाठी तेथे छिद्रे असलेली ॲल्युमिनियमची पट्टी बसवावी, म्हणजे खडे थांबतात आणि पाणी निघून जाते. उतार ८० फुटांना किमान १ फूट असावा. त्यापेक्षा कमी असेल किंवा मध्ये खळगे असतील, तर ते आधी पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरून काढावेत, कारण वरच्या थराची जाडी कमी-जास्त करून उतार साधणे महागही पडते आणि खळग्यातले पाणी थराखाली तसेच राहते.

शहरात वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो, त्यामुळे हे पाण्याचे गणित कागदावर सोडून देण्यासारखे नाही. येथेच एक गोष्ट इतर वाचकांसाठी सांगतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी ज्यांच्या अंगणात आले होते, त्यांनी झिरपणारा थर करूच नये. पुराचा बारीक गाळ थराच्या पोकळ्यांत बसला की तो पूर्णपणे निघत नाही, आणि पोकळ्या बुजलेला थर म्हणजे ओलावा धरून ठेवणारा थर.

आता मालाकडे वळू. रेझिन पॉलीयुरेथेन जातीचे, दोन भागांत येणारे असते आणि त्यातही ॲलिफॅटिक आणि ॲरोमॅटिक असे दोन प्रकार आहेत. ॲरोमॅटिक स्वस्त असते, पण उन्हाने काही महिन्यांत पिवळे-तपकिरी पडते. काळ्या किंवा विटकरी खड्यांत ते लपून जाते, पांढऱ्या आणि फिक्या खड्यांत मात्र सगळा रस्ता चहा सांडल्यासारखा दिसू लागतो. एपॉक्सीही उघड्या उन्हात पिवळी पडून खडूसारखी पूड सोडते, म्हणून ती भेगा भरायला आणि तळाच्या प्राइमरला वापरावी, वरच्या थराला नव्हे. उघड्या अंगणासाठी ॲलिफॅटिकच घ्यावे आणि डब्यावर तसे स्पष्ट लिहिलेले आहे का ते काम सुरू होण्यापूर्वी स्वतः पाहावे.

खडे दोन ते पाच मिलिमीटर आकाराचे, कठीण, धुतलेले आणि पूर्णपणे सुकवलेले असावेत. शिये आणि टोप भागातील क्रशरवर मिळणारी काळ्या दगडाची बारीक खडी ताकदीला उत्तम आहे, परंतु ती जशीच्या तशी वापरता येत नाही. तिला कचेची धूळ चिकटलेली असते, चपटे तुकडे जास्त असतात आणि काळा रंग उन्हाने फार तापतो. धुऊन, चाळून, भट्टीत सुकवून घेतली तर गडद पट्ट्यांसाठी ती वापरायला माझी हरकत नाही. मुख्य भागासाठी गोलसर क्वार्ट्झचे खडे चांगले. संगमरवराचे तुकडे मऊ असतात आणि चाकाखाली झिजतात, म्हणून ते फक्त पायवाटेला ठीक आहेत.

खडे सुके असण्यावर इतका भर का, हे कोल्हापूरकराला फौंड्रीच्या उदाहरणावरून चटकन कळेल. कोअर, म्हणजे ओतकामात पोकळी राखण्यासाठी ठेवायचा वाळूचा गाभा, बनवताना वाळूत रेझिन कालवतात आणि वाळू दमट असली तर कोअर नीट धरत नाही, हे शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या कोणत्याही कोअर शॉपमधील कामगार सांगेल. येथेही रसायन त्याच कुळातले आहे. पॉलीयुरेथेनमधील आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावला की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, रेझिनला फेस येतो आणि ते पांढुरके व ठिसूळ होते. पावसाळ्यात गोदामात पडून राहिलेल्या, शिवण उसवलेल्या गोणीतले खडे हाताला कोरडे लागले तरी त्यात हा दोष आणण्याइतका ओलावा असू शकतो. म्हणून तपासण्यासाठी थोडे खडे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात तासभर ठेवावेत. आतून दव जमले तर ती गोणी बाजूला ठेवावी. हे उदाहरण दिले आहे म्हणून लगेच सांगतो की फौंड्रीत वापरले जाणारे रेझिन या कामाला चालत नाही. ते स्वस्तात उपलब्ध होते म्हणून कोणी सुचवले, तर ते उन्हा-पावसासाठी आणि चाकाच्या वळणासाठी बनवलेले नाही हे लक्षात ठेवावे. फौंड्रीतील वापरलेली वाळूही यात मिसळू नये.

आपल्या कामाचे प्रमाण काढून देतो, म्हणजे अंदाजपत्रक पडताळता येईल. ५० बाय १२ म्हणजे ६०० चौरस फूट, अर्थात सुमारे ५६ चौरस मीटर. १८ मिलिमीटर जाडीला एक घनमीटर मिश्रण लागते. ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) भाषेत सांगायचे तर ते अर्ध्या ब्रासच्याही खाली, जेमतेम ३५ घनफूट आहे. प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ३० किलो खडे धरले तर साधारण १७०० किलो खडे होतात, आणि १०० किलो खड्यांना सुमारे साडेसात किलो या प्रमाणाने १२५ ते १३० किलो रेझिन लागते. प्राइमर वेगळा. अंदाजपत्रकात चौरस फुटाचा दर एवढेच लिहिलेले असेल, तर त्यासोबत रेझिनचे किलो आणि थराची जाडी लिहून मागावी. या कामातला सर्वांत मोठा खर्च रेझिनचा असतो आणि स्वस्त दर देणारा बहुधा रेझिनमध्येच हात आखडतो. साडेसातऐवजी पाच किलो घातले तरी पहिल्या दिवशी रस्ता तसाच सुंदर दिसतो. खडे सुटू लागतात ते पुढच्या उन्हाळ्यात.

कामाला योग्य काळ म्हणजे दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा. पावसाळ्यात मुरलेले पाणी तोवर काँक्रीटमधून बरेचसे निघून गेलेले असते. एप्रिल-मे टाळावा, कारण दुपारी काँक्रीट इतके तापते की रेझिन थापीखालीच आवळू लागते, आणि कोणत्याही संध्याकाळी वळीव येऊन ताज्या थरावर कोसळू शकतो. थंडीतही पहाटेचे दव असते, म्हणून पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव जमू लागते त्यापेक्षा) किमान तीन अंशांनी जास्त झाल्यावरच सुरुवात करावी. व्यवहारात याचा अर्थ असा की साधारण दहाच्या आधी मिक्सर सुरू करू नये, आणि संध्याकाळचा गारवा पडण्याआधी शेवटचा घाणा (मिक्सरमध्ये एका वेळी कालवलेला माल) घोटून संपवावा.

पृष्ठभागाची तयारी डायमंडच्या चाकाच्या ग्राइंडरने करावी आणि त्याला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडलेला असावा. आपल्याकडे ॲसिडने धुण्याची पद्धत फार रूढ आहे, पण मी ती येथे वापरू देत नाही. ॲसिड काँक्रीटमध्ये ओलावा आणि क्षार मागे ठेवते, तेलकट जागेवर ते काम करतच नाही आणि ते पूर्णपणे धुतले गेले की नाही हे पाहण्याची सोय नसते. तेलाचे डाग आधी डिग्रीझरने दोन-तीनदा घासून काढावेत आणि पुन्हा थेंबाची चाचणी घ्यावी. तरीही थेंब उभा राहत असेल तर तेवढे काँक्रीट छन्नीने उकरून एपॉक्सी मॉर्टरने भरावे. बसलेला कोपरा नव्याने भरला, तर त्या नव्या काँक्रीटला २८ दिवस द्यावेत. दोन दिवसांत काम पूर्ण होईल हे ठेकेदाराचे म्हणणे केवळ वरच्या थरापुरते खरे असू शकते. तयारीसह मी महिना-दीड महिना धरेन.

प्रत्यक्ष थर घालताना एका घाण्याला १०० किलो खडे घेतले, तर त्यातून साधारण सव्वातीन चौरस मीटर, म्हणजे आपल्या १२ फूट रुंदीत तीन फुटांचा एक पट्टा होतो. असे सतरा-अठरा घाणे लागतील. काँक्रीटचा कलता ड्रम मिक्सर यासाठी चालत नाही, पाती फिरणारा उभा मिक्सर हवा. रेझिनचे दोन भाग आधी वेगळ्या बादलीत ड्रिलच्या पात्याने एकजीव करून मग खड्यांवर ओतावेत आणि प्रत्येक घाणा घड्याळ लावून सारखाच वेळ फिरवावा. वेळ कमी-जास्त झाली की शेजारच्या पट्ट्यांच्या छटेत फरक पडतो आणि तो कायमचा राहतो. आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा जोडावा. त्यामुळे निदान पाच माणसे हवीत. मिक्सरवर दोघे, माल वाहणारा एक आणि घोटणारे दोघे. जेवणाची सुट्टी घ्यायची असेल तर ती सांध्याच्या रेषेवर पोहोचल्यावरच घ्यावी. थापी चिकटू लागली की पुरवठादाराने दिलेल्या द्रवात भिजवलेल्या फडक्याने पुसावी. गवंडी सवयीने पाण्याच्या बादलीत थापी बुडवतात आणि येथे तीच सवय घात करते. तेव्हा कामाच्या जागी पाण्याची बादलीच ठेवू नये.

काम करणाऱ्यांसाठी हातमोजे आणि चष्मा अनिवार्य समजावेत. आयसोसायनेटची एकदा ॲलर्जी जडली की त्या माणसाला पुढे थोड्याशा वाफेनेही दम्यासारखा त्रास होऊ शकतो.

पातळीचा विचार मी मुद्दाम येथे घेतला आहे, कारण तो सहसा सगळे ठरल्यावर आठवतो. थराने रस्ता पाऊण इंच वर येईल. गेटच्या खालची फट, ड्रेनेज चेंबरची झाकणे, पाण्याच्या मीटरची पेटी आणि पोर्चची पायरी यांची मापे आधी घ्यावीत. झाकणे चौकटीसह उचलून बसवावी लागतील. पोर्चच्या जोत्याकडे पाणी वळणार नाही याची खात्री केल्याशिवाय थर जोत्याला टेकवू नये.

वापर सुरू करताना पायी चालायला एक दिवस आणि गाडीला तीन दिवस द्यावेत. नंतरची देखभाल साधी आहे, तरी आपल्या घरगुती सवयींशी जुळवून घ्यावे लागते. जागेवर उभ्या गाडीचे स्टेअरिंग वळवले की चाकाखालचे खडे पिळले जातात, ते टाळावे. दुचाकीच्या साइड स्टँडखाली लोखंडी चकती ठेवावी, अन्यथा उन्हाळ्यात तेथे खळगा पडतो. दिवाळीत भुईचक्र आणि झाड या थरावर लावू नयेत, कारण जळालेल्या रेझिनचा डाग निघत नाही आणि तेवढा तुकडा कापूनच बदलावा लागतो. रांगोळीची पूड पोकळ्यांत जाऊन बसते, म्हणून दारासमोर दोन बाय तीन फुटांची शहाबादी फरशी आधीच बसवून घ्यावी. हे गृहिणींना विचारून ठरवावे, ठेकेदाराला ते सुचत नाही. पेट्रोल किंवा ब्रेकचे तेल सांडल्यास लगेच पुसून साबणाच्या पाण्याने धुवावे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर कडक झाडूने झाडून, प्रेशर वॉशरने, पण नोझल फुटभर लांब आणि पंख्यासारखी फवारणी ठेवून, पोकळ्यांतली माती काढावी.

वीस वर्षांच्या हमीविषयी एवढेच सांगेन की ती कशाची आहे ते विचारावे. रेझिन बनवणारे हमी देतात ती सहसा रंग बदलण्याची आणि खडे सुटण्याची असते. खालच्या काँक्रीटमधून वर आलेली भेग तीत बसत नाही, आणि आपल्या ठिकाणी खरा धोका तिचाच आहे.

आपल्या जागी मी असतो तर यंदा काम केले नसते. आत्ता स्क्रू बसवून मापे सुरू केली असती, गच्चीचा पाइप बसलेल्या कोपऱ्यापासून दूर वळवला असता, घुशींची बिळे बुजवली असती आणि एक पावसाळा जाऊ दिला असता. दिवाळीनंतर हातोडीचा आवाज बहुतेक ठिकाणी खणखणीत येत असेल आणि भेगेच्या दोन्ही बाजू समपातळीत असतील, तर बसलेला कोपरा नव्याने करून, दोन सांधे राखून हा थर अवश्य करावा. पोकळ आवाज एक चतुर्थांशाहून जास्त भागात येत असेल, किंवा भेगेची एक बाजू वर-खाली होत असेल, तर रेझिनवर पैसे घालू नयेत. तेव्हा जुने काँक्रीट काढून, काळी माती जमेल तितकी उचलून, मुरूम थरांनी कुटून त्यावर ६० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक बसवावेत. मातीने जागा सोडली तरी ते उचलून, खाली कच भरून पुन्हा बसवता येतात, आणि रेझिनच्या कामापेक्षा ते स्वस्तही पडतील.